अघटित आणि असंगत

ईश्वर सर्वशक्तिमान आहे असे म्हणणाऱ्याने त्या शक्तीला तर्काचे नियम लागू आहेत की नाहीत याचा निर्णय करून ठेवलेला असतोच असे नाही. बहुधा तो प्रश्न त्याच्यापुढे आलेलाच नसतो. कोरमंगला येथील केंद्रीय सदनाच्या आसपास नोकरी करणाऱ्या आम्हां मराठी मंडळींच्या वाचनबैठकीत ज्ञानेश्वरीचा नववा अध्याय चालू असताना मात्र तो अनपेक्षितपणे आला, आणि पुढचे तीन रविवार दुसरा विषय निघाला नाही. गीतेच्या त्या अध्यायातील चौथ्या श्लोकात भगवान सांगतात की सर्व भूते त्यांच्या ठायी आहेत. लगेच पाचव्यात सांगतात की ती त्यांच्या ठायी नाहीत. आणि वर अर्जुनाला आपला ऐश्वर योग पाहावयास सांगतात. बैठकीतील एका ज्येष्ठ सभासदांचे म्हणणे असे पडले की येथे विचार करण्यासारखे काही नाही. 'आहे' आणि 'नाही' ही दोन्ही एकाच वेळी खरी करून दाखविणे हेच तर ऐश्वर्य, आणि देवाला तर्क लावू पाहणे हा आपला उद्धटपणा. दुसऱ्या, वयाने लहान अशा, सभासदाने तितक्याच सहजतेने सांगितले की ग्रंथात विसंगती आहे आणि तिच्यावर भक्तीचे पांघरूण घालण्यात अर्थ नाही.

आम्हांला या दोन्ही मतांत उणीव एकच दिसते. दोघांनीही मूळ श्लोकांवर निकाल दिला. त्या श्लोकांपाशी आल्यावर ज्ञानदेवांनी काय केले, हे कोणी पाहिले नाही. ईश्वराचे सामर्थ्य तर्काने बांधलेले आहे काय, हा प्रश्न जसा तत्त्वज्ञांचा तसाच वाङ्मयाचाही आहे. देवाचे सामर्थ्य आपल्याला प्रथम भेटते ते कथेत, आख्यानात, ओवीत. आणि आपला देव कोठपर्यंत जाणार हे कथाकाराला प्रत्येक प्रसंगी ठरवावेच लागते. आमचे म्हणणे असे की आमच्या भक्तिवाङ्मयातील जी स्थळे पिढ्यान्‌पिढ्या टिकली, त्यांच्या कर्त्यांनी देवाला निसर्गाचे नियम खुशाल मोडू दिले, परंतु तर्काचा नियम मोडू दिला नाही; आणि जेथे तो मोडल्यासारखा दिसतो तेथे त्यांनी फार कष्टाने वाट काढली आहे. ते कष्ट न पाहता 'देवाला काय अशक्य?' म्हणून पान उलटणे हा त्या ग्रंथांवर अन्याय होय.

प्रथम दोन शब्द वेगळे करणे अवश्य आहे. पैठणास रेड्याच्या मुखातून वेदघोष झाला, चांगदेवांच्या भेटीस भिंत चालत गेली, या गोष्टी अघटित आहेत. त्या कोणास खऱ्या वाटोत वा न वाटोत, 'रेडा वेद बोलला' हे वाक्य आपले आपल्यालाच खोडून टाकीत नाही. ते समजते, डोळ्यांपुढे उभे राहते, आणि म्हणूनच ऐकणाऱ्यास नवल वाटते. 'रेडा त्याच क्षणी, त्याच अर्थाने, बोलला आणि बोलला नाही' असे कोणी म्हटले तर नवल वाटणार नाही. सांगणाऱ्याची जीभ घसरली असे वाटेल. हे दुसरे वाक्य असंगत होय. पहिल्यात निसर्गाचा नियम मोडला आहे. दुसऱ्यात मोडण्याजोगे काही घडलेलेच नाही, कारण वाक्याच्या एका टोकाने जे दिले ते दुसऱ्या टोकाने काढून घेतले आहे.

आमच्या शास्त्रकारांनी अशक्याची जी उदाहरणे पाठ करून ठेवली आहेत त्यांत हा भेद थोडा पुसला गेला आहे. ससाचे शिंग, आकाशाचे फूल आणि वांझेचा पुत्र ही तिन्ही एका दमात उच्चारली जातात. परंतु सशाला शिंग नाही ही केवळ वस्तुस्थिती आहे. ब्रह्मदेवाच्या मनात असते तर ते असते. वांझेचा पुत्र ही गोष्ट निराळी. तो झाला की ती वांझ राहत नाही, आणि ती वांझ असेल तर तो झालेला नाही. आमच्या व्रतकथा या बाबतीत मोठमोठ्या टीकाकारांपेक्षा शहाण्या आहेत. शेजारणींनी जिचे तोंड सकाळी पाहू नये म्हणून ठरविले, तिला देव पुत्र देतो. म्हणजे तो शेजारणींना खोटे पाडतो, भाषेला नव्हे. वांझ राहून पुत्रवती हो, असा वर कोणत्याही कहाणीत कोणत्याही देवाने दिलेला आमच्या वाचनात नाही.

वराचा विषय निघाला म्हणून हिरण्यकशिपूची कथा घ्यावी. ती भागवताच्या सप्तम स्कंधात आहे, आणि आमच्यासारख्या नियमपुस्तिकांत आयुष्य घालविणाऱ्या माणसांनी तर ती अवश्य पुन्हा वाचावी. सरसकट अमरत्व मिळत नाही हे दैत्याला ठाऊक आहे, म्हणून तो परंतुकांची माळच गुंफतो: घरात नको, बाहेर नको; दिवसा नको, रात्री नको; भूमीवर नको, आकाशात नको; माणसाच्या हातून नको, पशूच्या हातून नको; शस्त्राने नको. मसुदा चांगला आहे. एखाद्या अनुभवी हेडक्लार्कने केला असावा असे वाटते. तथापि त्यात एक छिद्र राहून गेले, आणि ते छिद्र शुद्ध तर्कशास्त्राचे आहे. दिवस आणि रात्र हे परस्परांचे विरोधी खरे, परंतु एक नाही म्हणजे दुसरे असलेच पाहिजे असे त्यांचे नाते नाही. मध्ये संध्याकाळ आहे. घर आणि बाहेर यांच्या मध्ये उंबरठा आहे. भूमी आणि आकाश यांच्या मध्ये मांडी आहे. माणूस आणि पशू यांच्या मध्ये नृसिंह आहे. नखे ही शस्त्रे नव्हेत. दैत्याने 'दिवस असताना वा दिवस नसताना' असे लिहून घेतले असते तर नृसिंहाला अवतरण्यास वेळच उरली नसती. पण मग तो सरळ अमरत्वाचाच वर झाला असता.

येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की विष्णू सर्वसमर्थ असूनही वर रद्द करीत नाही. ब्रह्मदेवाने दिलेल्या शब्दाची कानामात्रा सांभाळून तो आपले काम करतो. कीर्तनात हे आख्यान ऐकताना लहान मुले श्वास रोखून बसतात, ती दैत्य मरणार की नाही या चिंतेने नव्हे. तो मरणार हे त्यांस घरूनच ठाऊक असते. शब्द न मोडता हे कसे जमणार, ही त्यांची उत्कंठा असते. 'देव सर्वशक्तिमान, तेव्हा त्याने वर धाब्यावर बसवून दैत्यास मारिले' असे कोणी सांगू लागला तर मुले उठून जातील, आणि त्यांचे बरोबर असेल. हंपीस 1528 साली कृष्णदेवरायाच्या काळात घडविलेली नृसिंहाची प्रचंड एकसंध मूर्ती आमच्यापैकी बहुतेकांनी सुटीत पाहिली आहे. त्या उग्र मुद्रेपुढे उभे राहिले असता असे वाटत नाही की या देवाने एका संध्याकाळी एवढे व्याकरण पाळले असेल.

दुसरी कथा आमच्या पेशाला याहूनही जवळची आहे. दामाजीपंत बेदरच्या बहामनी सत्तेचे मंगळवेढ्याचे अधिकारी. पंधराव्या शतकातील दुष्काळात त्यांनी सरकारी अंबारे लोकांना खुली केली. हाताखालच्या माणसाने ते वर कळविले. बेदरहून बोलावणे आले. महिपतींनी 1762 साली रचलेल्या भक्तविजयात ही कथा विस्ताराने सांगितली आहे. (महिपती हे ताहराबादचे कुलकर्णी, म्हणजे लेखणीचेच चाकर. ती चाकरी त्यांनी पुढे सोडली असे सांगतात, त्यामुळे आम्हांला त्यांच्याविषयी आदराबरोबर किंचित हेवाही वाटतो.) आता विठोबापुढे मार्ग किती होते पाहा. बादशहाची बुद्धी पालटविता आली असती. अंबारे पुन्हा धान्याने भरता आली असती. आणि आमचे ज्येष्ठ सभासद म्हणतात तसे त्याचे सामर्थ्य असेल, तर धान्य वाटले गेलेच नव्हते असेही करता आले असते. विठोबा यांतले काही करीत नाही. तो विठू महार होतो, काठी-घोंगडी घेऊन बेदरच्या दरबारात जातो, धान्याचे मोल मोजून देतो आणि पावती मागतो. ती शिक्क्याची पावती दामाजीपंतांना त्यांच्या गीतेच्या पोथीत सापडते.

विठूची थैली रिती होत नाही, हे अघटित. परंतु खर्ची पडलेले धान्य खर्ची पडलेलेच राहते. देव त्याच्यासमोर जमेची नोंद करतो आणि ताळा जुळवितो. झालेली गोष्ट न झालेली करणे देवालाही शक्य नाही, अशा आशयाचे अगाथॉन या ग्रीक नाटककाराचे मत ॲरिस्टॉटलने आपल्या नीतिशास्त्राच्या सहाव्या पुस्तकात मान्यतेने उल्लेखिले आहे. पुढे अकराव्या शतकात पीटर डॅमियन या ख्रिस्ती यतीने त्यावर काहूर उठविले, आणि वसलेले रोम शहर देव मुळी न वसलेले करू शकेल काय असा प्रश्न केला. महिपतींना यांतले काही ठाऊक असण्याचे कारण नाही. त्यांनी फक्त एवढे ओळखले की दुष्काळात लोकांच्या पोटी गेलेले धान्य कथेतून पुसले तर दामाजीपंतांचे पुण्यही त्याबरोबर पुसले जाते.

हे झाले कथांचे. परंतु कथेत फट शोधण्यास वाव असतो. 'आहेत' आणि 'नाहीत' अशा सरळ विधानांत तो कोठून आणावा? येथे श्रीशंकराचार्यांचे एक स्थळ आधी पाहणे बरे. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायाच्या पहिल्या पादात शंका अशी आहे की ब्रह्म जग होते ते सगळेच्या सगळे होते की थोडे होते? सगळे होत असेल तर मागे ब्रह्म उरले नाही. थोडे होत असेल तर ब्रह्माला अवयव नाहीत हे वचन खोटे पडले. आचार्य प्रथम म्हणतात की ही गोष्ट श्रुतीवरूनच समजावयाची. मणी, मंत्र, औषधी यांच्या शक्तीसुद्धा केवळ तर्काने कळत नाहीत, मग ब्रह्माची काय कथा? आमच्या बैठकीतील अर्धे लोक येथे समाधानाने मान डोलावून थांबले असते. आचार्य थांबत नाहीत. ते प्रतिपक्ष्याला पुन्हा बोलू देतात, आणि तो म्हणतो की परस्परविरुद्ध गोष्ट श्रुतीलाही समजावून देता येणार नाही. आचार्य त्याला उद्धट म्हणत नाहीत. त्याची हरकत मनावर घेऊन ते उत्तर देतात की हा भेद अविद्येने कल्पिलेला आहे, खरा नव्हे, म्हणून विरोध नाही. अचिंत्य शक्तीचे उत्तर हाताशी असताना त्यांनी दुसरे शोधले, यातच आमच्या मते बरेच काही आले.

ज्ञानदेव याच वाटेने जातात, परंतु त्यांची चाल वेगळी आहे. शके 1212 मध्ये नेवाशास सांगितलेल्या त्या नवव्या अध्यायात चौथ्या श्लोकावर ते प्रथम दुधाचे दही, बीजाचा वृक्ष, सोन्याचे अलंकार असे दृष्टान्त देऊन जग हा परमात्म्याचाच विस्तार असल्याचे मनावर ठसवितात. मग पाण्यावरचा फेस येतो. फेस पाण्यावर आहे. पण फेसात पाहू गेले तर पाणी दिसत नाही. पाचव्या श्लोकापाशी ते अर्जुनाला जणू खुर्ची बदलावयास लावतात. कल्पना बाजूला सारून पाहा, मग भूते माझ्यात आहेत हे म्हणणेही व्यर्थ, कारण 'माझ्यात' म्हणावयास दुसरे काही नाहीच. संकल्पाची सांज पडली की बुद्धीचे डोळे मंद होतात आणि एकाच्या ठिकाणी अनेक दिसू लागतात. शंका गेली की माळेवरचा साप जातो, तसे. यापुढचे प्रश्न तर अतिशय मौजेचे आहेत. मातीतून घागरी-मडक्यांचे कोंभ आपोआप फुटतात काय? ती कुंभाराच्या मनातून आलेली. समुद्राच्या पाण्यात लाटांची खाण आहे काय? ती वाऱ्याची करणी. कापसाच्या पोटात कापडाची पेटी ठेवलेली असते काय? पांघरणाऱ्याच्या दृष्टीने ते कापड.

वाचकांच्या लक्षात आलेच असेल की येथे काय केले आहे. कापूस कापड आहे आणि नाही, यात विरोध तेव्हाच, जेव्हा दोन्ही विधाने एकाच दृष्टीने केली असतील. विणणारा-पांघरणारा एका बाजूला, नुसता कापूस दुसऱ्या बाजूला. दोघांची विधाने आपापल्या जागी खरी. दोन दृष्टी वेगळ्या करून देणे हेच ज्ञानदेवांचे काम, आणि तेवढ्यासाठी त्यांनी मळ्यातून, माजघरातून, कुंभारवाड्यातून दृष्टान्त गोळा केले. आमच्या ज्येष्ठांचे म्हणणे खरे असते तर यांतल्या एकाही ओवीची गरज नव्हती. 'हे माझे ऐश्वर्य' एवढे म्हणून पुढे जाता आले असते. शं. दा. पेंडसे यांनी ज्ञानदेवांना शंकराचार्यांच्या परंपरेत बसविले, तर निंबाळच्या गुरुदेव रानड्यांनी त्यांच्या स्फूर्तिवादाचे वेगळेपण दाखविले. त्या वादात शिरण्याचा आमचा अधिकार नाही. मात्र जग मिथ्या मानले काय किंवा चैतन्याचा विलास मानले काय, ज्ञानदेवांनी व्याघाताला थारा दिला नाही ही गोष्ट दोन्ही पक्षी सारखीच खरी राहते.

आमच्या तरुण सभासदासाठी येथे एक टीप. 'जग सत्‌ही नव्हे आणि असत्‌ही नव्हे' या अद्वैत्यांच्या सिद्धान्तातील विसंगतीवर सर्वांत कठोर हल्ला ज्यांनी केला ते नास्तिक नव्हते, विठ्ठलाचे भक्त होते, आणि ते याच कर्नाटकातले. व्यासतीर्थ (निधन 1539) हे मुळबागिलच्या श्रीपादराजांपाशी शिकले; बेंगळूरहून कोलार ओलांडून पुढे गेले की ते गाव लागते. पुरंदरदास त्यांचे शिष्य. ज्यांच्या ग्रंथांवर त्यांनी पाय रोवला त्या जयतीर्थांचा जन्म तर परंपरेप्रमाणे मंगळवेढ्याचा, म्हणजे दामाजीपंतांच्याच गावचा. व्यासतीर्थांनी न्यायामृतात विचारले की सत्‌ आणि असत्‌ हे एकमेकांचे अभाव आहेत. एक नाकारले की दुसरे पत्करावेच लागते. दोन्ही नाकारता कसे? मधुसूदन सरस्वतींनी अद्वैतसिद्धीत जे उत्तर दिले ते वाचून आम्हांला नृसिंहाची आठवण झाली. त्यांनी सत्‌ म्हणजे तिन्ही काळी न खोडले जाणारे, आणि असत्‌ म्हणजे कोठेही 'आहे' असे न भासणारे, अशा व्याख्या केल्या. आता या दोहोंमध्ये जागा झाली: जे भासते, परंतु पुढे खोडले जाते. दिवस आणि रात्र यांच्या मध्ये संध्याकाळ सापडली. हे उत्तर पुरेसे आहे की नाही यावर पुढे कितीतरी ग्रंथ झाले, आणि आमचा कल व्यासतीर्थांकडे आहे हे आम्ही लपवीत नाही. पण तर्क सोडून देऊन मोकळे व्हावे असे दोघांपैकी कोणालाच वाटले नाही.

मग आमची कूटे? मुक्ताबाईंच्या त्या प्रसिद्ध अभंगात मुंगी आकाशात उडून सूर्याला गिळते आणि वांझेला पुत्र होतो. ज्ञानदेवांच्या नावावर असलेल्या दुसऱ्या एका कूटात काट्याच्या टोकावर तीन गावे आहेत, त्यांतली दोन ओसाड आणि एक कधी वसलेलेच नाही; कथा पुढे जाते ती त्या न वसलेल्या गावातूनच. या रचना म्हणजे संतांनी तर्काला दिलेली सोडचिठ्ठी असे आम्ही अनेकदा ऐकले आहे. ते आम्हांला मान्य नाही. लोकांनी या रचनांना 'कूट' म्हटले. म्हणजे येथे किल्ली लागते, हे वृत्तान्त म्हणून घ्यावयाचे नाही, हे त्यांनी ओळखले. आणि काट्यावरच्या गावांचे कूट शेवटपर्यंत वाचून पाहावे. प्रत्येक पायरीला जे नाही त्यावरच पुढचा मजला चढतो, आणि अखेर हाती काही लागत नाही. असंगत वाक्यातून काय निष्पन्न होते याचा इतका चोख हिशेब पाठ्यपुस्तकातही मिळणार नाही.

पश्चिमेकडे हा वाद उघड्या शब्दांत झाला. अल्‌-गझालीने अकराव्या शतकाच्या अखेरीस तत्त्वज्ञांच्या खंडनाचा ग्रंथ लिहिला. त्यात आगीने कापूस जळलाच पाहिजे ही अपरिहार्यताही त्याने नाकारली, इतका तो देवाच्या सामर्थ्याचा अभिमानी. पण त्याच ठिकाणी त्याने सांगितले की एक गोष्ट मांडून तीच नाकारणे, हे सामर्थ्याच्या कक्षेतच येत नाही. तेराव्या शतकात टॉमस अक्विनासने तेच शांतपणे मांडले: व्याघात ही 'गोष्ट'च नव्हे, म्हणून देव ती करू शकत नाही असे म्हणण्यापेक्षा ती करण्यासारखी नाही असे म्हणणे बरे. उलट देकार्तने 1630 च्या पत्रांत लिहिले की गणिताची सत्येसुद्धा राजाने कायदे करावेत तशी देवाने ठरविलेली आहेत. उचलता न येणारा दगड देव निर्माण करू शकेल काय, हे जुने कोडेही याच प्रांतातले. 1964 साली हॅरी फ्रँकफर्ट या अमेरिकन प्राध्यापकाने त्यावर दीड-दोन पानांत एक मार्मिक गोष्ट दाखविली: देवाला असंगतही करता येते असे मानले, तर तो न उचलता येणारा दगड निर्माण करील आणि मग तो उचलीलही. एक असंगत गोष्ट करणाऱ्याला दुसरी करण्यास हरकत काय? म्हणजे नास्तिकाचे कोडे निकामी झाले. आमचे ज्येष्ठ यावर खूष होतील. त्यांनी घाई करू नये.

आमच्या परिचयातील एका गृहस्थांचा तरुण मुलगा गेला. समाचारास येणारे जे म्हणतात ते म्हणत होते: देवाची करणी अतर्क्य आहे. चार-पाच जणांचे ऐकून घेतल्यावर त्यांनी हळूच विचारले, "अतर्क्य आहे म्हणता, मग ती दयेची आहे हे तुम्हांला कसे कळले?" कोणाजवळ उत्तर नव्हते, आमच्याजवळही नव्हते. परंतु प्रश्न नेमका होता. ईश्वर सर्वसमर्थ आहे, पूर्ण दयाळू आहे, आणि तरी जगात दुःख आहे, ही तीन वाक्ये एकत्र नांदत नाहीत असे जॉन मॅकी याने 1955 साली मांडले. त्यावर तर्कच बाजूला सारणे हा सर्वांत सोपा तोडगा. पण त्याची किंमत मोजून पाहावी. तर्काचा नियम ईश्वराकडे चालत नसेल तर 'तो दयाळू आहे' याबरोबर 'तो दयाळू नाही' हेही खरे असण्यास प्रत्यवाय उरत नाही. त्याच नवव्या अध्यायाच्या शेवटाकडे भगवान अर्जुनाकडून प्रतिज्ञापूर्वक जाहीर करवितात की आपल्या भक्ताचा नाश होत नाही. ज्याच्यापाशी 'होत नाही' आणि 'होतो' यांत अंतर नाही, त्याच्या प्रतिज्ञेवर त्या गृहस्थांनी कसे टेकावे? सामर्थ्याचा गौरव करण्याच्या नादात आपण देवाच्या तोंडचा शब्दच काढून घेतो. दगडाचे कोडे सुटले, आणि अभयवचन गेले. आमच्या मते हा व्यवहार अत्यंत तोट्याचा आहे. देवाची करणी आम्हांला कळत नाही, असे म्हणणे निराळे. ते प्रामाणिक आहे, आणि समाचाराच्या वेळी तेवढे म्हणून गप्प बसावे.

न कळणे आणि असंगत असणे यांतले हे अंतर ज्ञानदेवांनी अनुभवामृतात जितके राखले तितके क्वचितच कोणी राखले असेल. दहा प्रकरणांचा तो ग्रंथ. त्याच्या सहाव्या प्रकरणात शब्दाचे खंडन आहे, आणि सातव्यात, जे सर्वांत मोठे आहे, अज्ञानाचे. शब्द तेथे थकतो हे खरे. पण तो कसा थकतो ते पाहावे. अविद्या मुळातच नसेल तर शब्द तिचा नाश काय करणार, असे विचारताना ज्ञानदेव त्याच ससाच्या शिंगांची आठवण देतात. अज्ञान ज्ञानस्वरूप आत्म्याच्या ठायी राहते म्हणावे तर ते तेथे टिकणार कसे. टिकत नसेल तर 'आहे' म्हणावे कशाला. कोणी त्याला जाणले तर ते अज्ञान उरले कोठे. पर्यायामागून पर्याय ते अशा रीतीने बंद करीत जातात, एखाद्या कसलेल्या नैयायिकासारखे. शब्दाच्या पलीकडे जाणारा हा पुरुष शब्दाच्या अलीकडे असेपर्यंत एकही नियम मोडीत नाही. जे सांगता येत नाही त्यापाशी तो मौन धरतो. 'आहे आणि नाही' अशी गर्दी करीत नाही.

सर्वच संतचरित्रकार इतके सावध आहेत असे मात्र आम्ही म्हणणार नाही. भक्तविजयातच अशी स्थळे आहेत जेथे चमत्कारामागून चमत्कार येतो आणि वाचकाला काही वाटेनासे होते. दामाजीपंतांच्या कथेतला ताण त्यांत नाही, कारण तेथे देवापुढे अडचणच ठेवलेली नसते. परंतु गोरा कुंभाराच्या आख्यानाशी आले की महिपतींचा हात पुन्हा स्थिर होतो. भजनाच्या तंद्रीत गोरोबा चिखल तुडवितात आणि त्यात त्यांचे रांगते मूल तुडविले जाते. पुढे पंढरपुरास नामदेवांच्या कीर्तनात ते मूल रांगत येते. मेलेले मूल परत येते, हे अघटित. ते कधी मेलेच नव्हते, असे मात्र महिपती लिहीत नाहीत. मूल आईच्या मांडीवर आल्यावरही संतीने पाणी घेऊन आल्यावर तो लाल चिखल पाहिला होता, आणि तिने केलेला आक्रोश कथेत जेथल्या तेथे आहे.